मॉडेल रेल्वेची वाघीण नटवताना: तपशील, रंग आणि मळकटपणा यांचा नेमका क्रम

डिकल (पाण्यात भिजवून सरकवून बसवायची अक्षरांची पातळ फिल्म) मॅट रंगावर चिकटवलं, म्हणून अक्षरांभोवती चंदेरी चौकट उमटली. साच्यातली, म्हणजे पेटीच्या भिंतीवरच ओतलेली, हाताने धरायची दांडी आधी तासून टाकली आणि मग भोक कुठे पाडायचं तेच कळेना. दोन महिने खपून वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, रंगवली, मळवली, रुळावर ठेवली आणि पहिल्याच सांध्यावर (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते त्या जागी) ती घसरली. या तिन्ही चुका क्रमाच्या आहेत. त्यात हाताच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही.

खालचा सगळा क्रम एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, बंद छपराच्या चार आसांच्या प्लास्टिक वाघिणीसाठी आहे. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालचा दोन आसांचा फिरता गाडा, आणि एका वाघिणीला असे दोन. मापं एचओची आहेत. एन मापाला (१:१६०) आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

## तयारी

फोटो. खऱ्या वाघिणीची बाजू, टोक, छप्पर आणि खालचा भाग असे निदान चार फोटो समोर हवेत, आणि ते शक्यतो एकाच काळातले. नव्या रंगाची बाजू आणि वीस वर्षं वापरलेलं छप्पर असे दोन वेगळे फोटो एकत्र केले की मॉडेल कुठल्याच गाडीसारखं दिसत नाही.

मापांची वही. खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या, ८७ ने भागा, लिहून ठेवा. साच्यातून आलेली अर्धा मिमी जाडीची दांडी खऱ्या गाडीवर ४३ मिमी भरते, म्हणजे चांगला जाड नळ. खरी दांडी २० ते २५ मिमीची असते. १:८७ मध्ये ती ०.२३ ते ०.२९ मिमी होते. म्हणून ०.३ मिमीची तार लागते. हा एक हिशेब मांडला की बाजारातले कोणते सुटे भाग जाडजूड आहेत ते आपोआप कळतं.

प्लास्टिक ओळखा. डब्याची पेटी बहुधा पॉलिस्टायरीन किंवा एबीएसची असते. बोगी, कपलर (डबे एकमेकांना जोडणारा आकडा) आणि बारीक पायऱ्या मात्र अनेकदा अॅसिटलच्या असतात. त्या बोटाला मेणचट, गुळगुळीत लागतात. न दिसणाऱ्या जागी लिक्विड सिमेंटचा एक थेंब टाका. पॉलिस्टायरीन मऊ पडतं. अॅसिटलला काहीच होत नाही. अॅसिटलवर गोंद धरत नाही आणि रंगही नीट बसत नाही, त्यामुळे असे भाग भोकात अडकवून बसवायचे, नुसत्या गोंदाच्या भरवशावर सोडायचे नाहीत.

हत्यारं. टोकदार पातं, छिन्नीसारखं सपाट पातं, हाताने फिरवायची पिन व्हाइस, ०.३५ आणि ०.५ मिमीचे ड्रिल बिट (प्रत्येकी निदान चार, कारण मोडणारच), सपाट तोंडाचा चिमटा, शिवणाची सुई, ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, व्हर्नियर कॅलिपर आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. मापकांपैकी चाकांचा गेज आणि कपलरच्या उंचीचा गेज या दोन गोष्टी उसन्या मिळाल्या तरी चालतील, पण त्यांच्याशिवाय कामाला लागू नका.

> सावधान: फवारणी करताना बाष्पांसाठीचा मास्क आणि खेळती हवा हवी, कापडी मास्क रंगाची वाफ अडवत नाही. सुपरग्लू वापरताना त्याच्यावर चेहरा नेऊन वाकू नका. शिशाचं वजन हाताळलं तर काम संपल्यावर हात साबणाने धुवा.

## १. आधी चालवून पाहा

वाघीण खोक्यातून काढली की पहिला स्पर्श रंगाच्या ब्रशचा नको, रुळाचा हवा. चालीतला दोष आत्ता पाच मिनिटांत निघतो. रंग झाल्यावर तोच काढायला गेलं की हातातल्या दांड्या मोडतात.

चाकं. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास हवं. ते कमी असेल तर चाकाची आतली बाजू सांध्याच्या गार्ड रुळावर (चाकाला वाटेत ठेवणारा आतला आखूड रूळ) चढते. जास्त असेल तर फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) सांध्याच्या नाकाला, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकाला, धडकते. धातूचं चाक आसावर हळूहळू पिळत सरकवा, सरळ ओढू नका, वाकडं बसेल. धातूच्या चाकांत एक बाजू आसापासून विद्युतरोधक असते. बोगीही धातूची असेल तर सगळी रोधक चाकं एकाच बाजूला आली पाहिजेत, नाहीतर रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट.

घरंगळणं. एक मीटर लांब फळीवर रूळ टाका आणि एक टोक २ सेंमी उचला. हा २ टक्के उतार झाला. वाघीण त्यावरून आपोआप निघाली पाहिजे. अडली तर आस काढून टोकं पाहा, बोगीच्या खळग्यांतला कचरा काढा. तेल घालू नका, ते धूळ धरतं आणि महिन्याभरात काळं मेण होतं. कोरडी ग्रॅफाइट पूड चिमूटभर पुरते.

कपलर. गेजशी उंची जुळवा. कपलर खाली असेल तर पेटी आणि बोगी यांच्यामध्ये पातळ वायसर घालून उचला, ०.२५ मिमीचे वायसर यासाठी सोयीचे. केडी पद्धतीच्या कपलरला खाली जी वाकडी तार असते ती रुळाच्या माथ्यापासून सुमारे ०.८ मिमी वर राहावी. तिथे कसूर झाली तर ती सांध्यात अडकते, आणि दोष मात्र चाकांवर जातो.

बोगीचे स्क्रू. हा भाग बहुतेक जण वगळतात. दोन्ही स्क्रू सारखे घट्ट केले तर वाघीण चार पायांच्या टेबलासारखी होते आणि खडबडीत जमिनीवर एक पाय हवेत राहतो. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती फक्त डावी-उजवीकडे वळेल, कलणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती वळेलही आणि चहूबाजूंनी थोडी डुलेलही. आता वाघीण तिपाईसारखी टेकते आणि रुळाच्या उंचसखलपणाशी जुळवून घेते.

> तपासणी: दहा डब्यांच्या मधोमध ही वाघीण लावा आणि सांध्यांवरून गाडी उलटी ढकला. सरळ ओढताना लपलेले दोष उलटं ढकलताना बाहेर येतात.

## २. वजन

नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी अशी आहे: १ औंस मूळ, अधिक पेटीच्या प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस. मेट्रिकमध्ये २८ ग्रॅम अधिक दर सेंमीला ५.६ ग्रॅम. म्हणजे १५ सेंमी पेटीच्या वाघिणीचं वजन चाकांसकट सुमारे ११२ ग्रॅम. एनसाठी हेच अर्धा औंस अधिक दर इंचाला ०.१५ औंस होतं.

आकडा तंतोतंत गाठला नाही तरी बिघडत नाही. बिघडतं ते गाडीतल्या वाघिणी एकमेकींशी विसंगत असल्या की. हलकी वाघीण इंजिनाजवळ आणि जड वाघिणी मागे असल्या तर वळणावर ताणलेली गाडी हलक्या वाघिणीला आतल्या बाजूला खेचून पाडते.

वजन तळावर, शक्य तितकं खाली, आणि दोन्ही बोग्यांवर समसमान वाटून ठेवा. छपराच्या आत चिकटवलेलं वजन वाघीण डोलवतं. लोखंडी नट किंवा पट्ट्या उत्तम. शिशाच्या गोळ्या वापरल्याच तर त्या पांढऱ्या पीव्हीए गोंदात कधीही बसवू नका. त्या गोंदातल्या आम्लाने शिसं हळूहळू फुगतं आणि वर्षा-दोन वर्षांनी पेटीच्या भिंती बाहेर ढकलून शिवणी उसवतं. तिथे इपॉक्सीच वापरा.

उघडी वाघीण असेल तर वजन तळाच्या खालच्या खोबणीत किंवा मालाच्या थराखाली लपवावं लागतं. सगळा तपशील लावून झाल्यावर तिथे हात पोचत नाही, म्हणून तेही याच टप्प्यात उरकून घ्या.

## ३. सोडवा आणि धुवा

पेटी आणि तळ बहुधा खटक्यांवर बसतात. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की कडेला कायमचा खड्डा पडतो. पेटी आणि तळ यांच्या फटीत दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा, पेटीच्या भिंती किंचित फाकतात आणि तळ खाली उतरतो. आत्ता पुन्हा जोडणीचा विचार करा: कोणतं टोक कुठलं, हे तळावर आतून खुणेने लिहून ठेवा.

सगळे भाग कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने मऊ टूथब्रशने धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या तेलकट थराचे अंश राहिले तर पुढे रंग पापुद्र्यासारखा निघतो. पाणी गरम नको, पातळ भिंती वाकतात.

कारखान्याचा रंग चांगला असेल आणि तोच ठेवायचा असेल तर काढू नका. काढायचाच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये आधी एखादा लपलेला भाग अर्धा तास बुडवून पाहा. अॅसिटोन आणि नेलपॉलिश रिमूव्हर पॉलिस्टायरीनचा चिखल करतात.

## ४. साच्यातल्या दांड्या काढून तारेच्या बसवा

सगळ्यात जास्त फरक इथे दिसतो आणि सगळ्यात जास्त पेट्याही इथेच वाया जातात. क्रम असा:

आधी खूण, मग तासणं. साच्यातली दांडी जिथे भिंतीला टेकते, तीच नवीन भोकाची जागा. दांडी शाबूत असतानाच तिच्या दोन्ही टोकांच्या अगदी लगत सुईने टोचून खड्डा करा. तासल्यावर जागा फक्त अंदाजाने ठरते आणि चार दांड्यांची शिडी लगेच तिरकी दिसते.

मग भोक. बिट पिन व्हाइसमधून ३ मिमीहून जास्त बाहेर काढू नका; लांब बिट वाकतो आणि मोडतो. टोकाला साबण किंवा मेण लावा. पिन व्हाइस भिंतीला काटकोनात धरून बोटाच्या वजनानेच फिरवा, तीन-चार फेऱ्यांनी बाहेर काढून कीस झटका. विजेच्या ड्रिलने पॉलिस्टायरीन वितळतं, वितळलेला कीस बिटला घट्ट बसतो आणि बिट भोकातच तुटतो. ०.३ मिमी तारेला ०.३५ चं भोक पुरे, ०.५ चं केलं तर तार डुगडुगते आणि भोवती गोंदाची गाठ दिसते.

मग तासणं. पातळ पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीला दांडीएवढी खाच पाडा आणि ती खाच दांडीवरून बसवा. आता आजूबाजूचे फळ्यांचे सांधे आणि रिवेट झाकले गेले. सपाट पात्याने एका टोकाकडून मधोमध या, मग दुसऱ्या टोकाकडून मधोमध. एका दमात आरपार कापलं की पातं खोल उतरतं. उरलेला ठसा पात्याच्या कडेने खरवडा आणि शेवटी १००० चा कागद पाण्यात बुडवून काडीच्या टोकाला लावून फिरवा.

तार वाकवणं. खरी दांडी ४५० मिमीची असेल तर मॉडेलवर ५.२ मिमी. पण तार साच्यावरून वळते, म्हणून साच्याची पट्टी तारेच्या जाडीने अरुंद हवी: ४.९ मिमी. तेवढ्या रुंदीची पितळी पट्टी कापा, तार तिच्यावर आडवी धरा आणि दोन्ही पाय चिमट्याने दाबून खाली वळवा. पाय ३ मिमी ठेवा. एकाच पट्टीवर सगळ्या दांड्या वाकवल्या की त्या सारख्या निघतात. नजरेने वाकवलेल्या आठ दांड्यांपैकी तीन तरी बाकीच्यांशी जुळत नाहीत. पितळी तार सहज वळते पण बोट लागलं की पिचकते. फॉस्फर ब्राँझ वळायला त्रास देते पण पुन्हा सरळ उभी राहते. ज्या वाघिणी वारंवार हाताळल्या जातात त्यांना ब्राँझ.

बसवणं. खऱ्या दांडीमागे माणसाची बोटं गेली पाहिजेत. ६५ मिमी जागा धरली तर मॉडेलवर पाऊण मिमी. तेवढ्या जाडीची पट्टी दांडी आणि भिंत यांच्यामध्ये ठेवा, तार तिच्यावर टेकेपर्यंत ढकला, आणि सुपरग्लू पेटीच्या आतून तारेच्या पायाला लावा, सुईच्या टोकावर येईल तेवढाच. बाहेरून लावलेला गोंद रंगाखालीही चमकत राहतो. गोंद धरल्यावर पट्टी काढा आणि आतले पाय छाटा.

> सावधान: खिडक्यांची काच किंवा पारदर्शक भाग असेल तर जवळपास सुपरग्लू वापरू नका. त्याची वाफ बसून काच पांढुरकी होते. काच सर्वांत शेवटी, पांढऱ्या गोंदाने.

> तपासणी: बाजू डोळ्यांच्या पातळीवर आणून लांबून पाहा. शिडीच्या दांड्या एका ओळीत नसतील तर आत्ताच उपटा. रंगानंतर त्या अधिक वाकड्या दिसतात.

## ५. पेटीखालचा भाग

इथे फार वेळ घालवू नका. वाघीण रुळावर असताना बाजूने जे दिसतं तेवढंच करा: ब्रेक सिलिंडर, हवेची टाकी, त्यांना जोडणाऱ्या दोन-तीन नळ्या (०.५ मिमी तार) आणि टोकांचे होजपाइप. उलटी करून कौतुक करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मात्र एक काम चुकवू नका. प्रत्येक नळी चिकटवण्यापूर्वी बोगी लावून तुमच्या सर्वांत लहान त्रिज्येच्या वळणावर वाघीण फिरवा आणि चाक कुठपर्यंत जातं ते पेन्सिलीने तळावर आखा. त्या रेषेच्या आत काहीही येता कामा नये. होजपाइपचंही तसंच, कपलर डावी-उजवीकडे पूर्ण ढकलून पाहा. नळीला लागून अडलेला कपलर वळणावर डबा पाडतो, आणि लोक रूळ बदलत बसतात.

प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना लिक्विड सिमेंट ब्रशने फटीत सोडा, ते आपोआप आत ओढलं जातं. जास्त घातलं आणि पेटी लगेच बंद केली तर आत अडकलेली वाफ भिंती मऊ करते आणि दोन दिवसांनी बाजू आत ओढलेली दिसते. एक पूर्ण दिवस उघडं ठेवा.

## ६. प्रायमर आणि रंग

पुन्हा धुवा. आता बोटांचा तेलकटपणा, कीस आणि गोंदाची बाष्पं त्यावर आहेत. यापुढे पेटी हातमोज्यांनी, किंवा आतून चिकटवलेल्या काठीने धरा. तारेच्या दांड्यांवरून अल्कोहोलचा ब्रश फिरवा, नाहीतर धातूवरून रंग पहिल्याच धक्क्याला उडतो.

राखाडी प्रायमरचा पातळ थर द्या. त्याचं खरं काम दोष दाखवणं आहे: तासलेल्या जागेचे ओरखडे, गोंदाचे डाग, अर्धवट भरलेल्या फटी. जे दिसेल ते ६०० आणि १००० च्या कागदाने घासा, पुन्हा प्रायमर द्या. रंग लावल्यावर हे झाकलं जाईल या आशेवर कोणी राहू नये.

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, १ ते १.४ बार दाब, १० ते १५ सेंमी अंतर; रंग दुधाइतका पातळ. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. दांड्यांच्या मागच्या सावलीतल्या जागा आधी, सपाट भिंत नंतर. उलट केलं तर दांडीमागे पोचण्याच्या नादात भिंतीवर रंग ओघळतो. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत आला तर अंतर जास्त आहे किंवा रंग जाड आहे. ओघळ आला तर पुसू नका. एक दिवस वाळू द्या, घासा, मग पुढचा थर.

फवाऱ्याचा डबा वापरत असाल तर तो आधी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, थेंब बारीक पडतात. उकळतं पाणी किंवा शेगडी नाही. हवेत ओल फार असेल त्या दिवशी लाखेचा रंग नको. वाळताना ओल पकडून तो दुधाळ होतो.

रंगाच्या डब्यातला शुद्ध काळा किंवा गडद लाल तसाच वापरला तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो. त्यात दहा-पंधरा टक्के फिकट राखाडी किंवा मळकट पांढरा मिसळा.

दोन रंग असतील तर फिकट आधी. मास्किंग टेप लावली की तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा हलका फवारा द्या. टेपखाली झिरपायचा तो हाच रंग झिरपतो आणि फट बुजते. त्यावर दुसरा रंग आला की रेघ धारदार निघते.

चाकांचे चेहरे ब्रशने तपकिरी-राखाडी रंगवा. रुळाला टेकणारा भाग आणि आसाची टोकं कोरी राहिली पाहिजेत. तिथे रंग गेला की चाक घरंगळत नाही आणि रूळही घाण होतात.

## ७. ग्लॉस, डिकल, मॅट

या तिघांचा क्रम बदलता येत नाही.

मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पाहिला तर खडबडीत असतो. डिकलची पारदर्शक फिल्म त्या खाचांवर पुलासारखी पसरते, खाली हवा राहते आणि उजेड तिच्यावरून परततो. तीच ती चंदेरी चौकट. म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन पातळ थर आणि पूर्ण एक दिवस वाळवण.

1. डिकल अक्षराच्या जितकं जवळ जाता येईल तितकं कापा.
2. कोमट पाण्यात २० ते ३० सेकंद बुडवा, काढून टिपकागदावर ठेवा. मिनिटभरात ते आपोआप कागदावर सरकू लागतं. पाण्यात तसंच तरंगत ठेवलं तर गोंद धुऊन जातो.
3. जागेवर सेटिंग सोल्युशन (डिकल नीट चिकटावं म्हणून लावायचं द्रव) लावा, डिकल कागदावरून सरकवून बसवा, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे पाणी काढा.
4. वाळल्यावर सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) लावा. डिकल सुरकुततं, आणि नेमक्या याच वेळी हात आवरायचा. सुरकुत्या आपोआप बसतात. या अवस्थेत बोट किंवा ब्रश लागला की डिकल फाटतं.
5. फळ्यांच्या खाचांवर डिकल ताणलेलं दिसलं तर नव्या पात्याने खाचेतून चीर द्या आणि पुन्हा सॉफ्टनर. बुडबुडा राहिला तर सुईने टोचून तसंच.

दुसऱ्या दिवशी ओल्या कापडाने गोंदाचे डाग पुसा. राहिलेले डाग मॅटखाली पिवळट होऊन उठून दिसतात. त्यानंतर मॅट वार्निश, दोन हलके थर.

> तपासणी: वाघीण दिव्याखाली तिरकी धरा. चंदेरी ठिपके दिसत असतील तर मॅट देऊ नका. ते आत बंद होतील.

## ८. मळवणं

मॅटला निदान एक दिवस, शक्यतो दोन, द्या. आणि थरांची द्रव्यं वेगळी ठेवा: खाली अॅक्रिलिक असेल तर वर तैलरंग किंवा इनॅमल, व्हाइट स्पिरिटमध्ये. मग वरचा थर पुसताना खालचा हलत नाही. काही लाखेच्या मॅटवर अल्कोहोलचं पाणी लावलं तर पांढरा धुरकट थर उठतो. तो मुद्दाम उन्हाने विटलेल्या रंगासाठी वापरणारेही आहेत, पण नकळत आला तर वरून पुन्हा हलकं मॅट मारलं की बसतो.

विटलेला रंग. पेटीच्या मूळ रंगात पांढरा मिसळून, फार पातळ करून, फळ्यांच्या मधल्या भागावर फवारा. कडा गडद राहू द्या.

खाचांतली घाण. तैलरंगाची नळी पुठ्ठ्यावर थोडी पिळा आणि तासभर ठेवा, पुठ्ठा तेल शोषून घेतो. मग रंग मॅट वाळतो आणि लवकर वाळतो. बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, एक भाग रंगाला दहा भाग व्हाइट स्पिरिट. बारीक ब्रशचं टोक खाचेला टेकवा, द्रव आपोआप पळतो. संपूर्ण पेटी या पाण्याने न्हाऊ घालू नका. पंधरा-वीस मिनिटांनी कापूसकाडी स्पिरिटने किंचित ओली करून वरून खाली पुसा, आडवी कधीच नाही. पाऊस आडवा वाहत नाही.

गंजाचा ओघळ. गंज वाटेल तिथे सुरू होत नाही. जिथे रंग घासला जातो किंवा पाणी साचतं तिथेच तो येतो: दाराच्या रुळाचा कोपरा, बिजागरीखाली, शिडीच्या पायाशी, ठोकर बसून वाकलेल्या कडेला. अशा एका जागी ०.५ मिमीचा बर्न्ट सिएनाचा ठिपका द्या. पाच मिनिटं थांबा. सपाट ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करा आणि ठिपक्यावरून एकदाच खाली ओढा. वर रंग, खाली विरत जाणारी रेघ. पहिली रेघ जाड आली तर दुसऱ्या स्वच्छ ब्रशने दोन्ही बाजूंनी घासून बारीक करा. ठिपक्याच्या मध्यावर आणखी एक गडद तपकिरी टिंब दिलं की जुन्या गंजाची खोली येते. एका बाजूला असे पाच-सहा ओघळ पुरेत. बाराव्या ओघळापासून वाघीण भंगारात निघाल्यासारखी दिसू लागते.

तैलरंगाला तीन-चार दिवस वाळू द्या. हात लावून पाहायचा मोह आवरा.

धूळ आणि काजळी. चाकांनी उडवलेली धूळ खालून वर येते. पेटीचा खालचा चतुर्थांश आणि बोग्या यांवर मातकट रंगाचा अतिशय पातळ फवारा, दाब कमी करून. टोकांच्या भिंतींवर चाकांच्या रेषेत दोन उभे पट्टे. खऱ्या वाघिणीच्या टोकांवर चाकं नेमकी तिथेच चिखल फेकतात. छपरावर वरून काजळी.

पूड. पिगमेंट सर्वांत शेवटी, मऊ ब्रशने, बोग्या आणि कोपऱ्यांत. वरून वार्निश मारलं की तिचा निम्मा परिणाम नाहीसा होतो, म्हणून मारायचंच असेल तर आधी गरजेपेक्षा जास्त पूड लावा आणि ३० सेंमीवरून धुक्यासारखा हलका फवारा द्या. जिथे बोट लागत नाही तिथे वार्निशची गरजच नाही. आसाचे खळगे आणि कपलर यांत पूड जाऊ देऊ नका.

एकाच गाडीच्या सगळ्या वाघिणी सारख्याच मळवणं ही शेवटची मोठी चूक. खऱ्या गाडीत काल कारखान्यातून आलेली वाघीण दहा वर्षं न धुतलेलीच्या शेजारी असते. क्रमांकाचा भाग अनेकदा नव्याने रंगवलेला, आजूबाजूपेक्षा उजळ असतो; एखादं दार बदललेलं, वेगळ्या छटेचं असतं. दहांपैकी दोन मळकट, सहा मध्यम, दोन जवळजवळ नव्या, असं काहीसं प्रमाण ठेवा.

## ९. जोडणी आणि शेवटची चाचणी

तळ बसवताना पेटी दांड्यांवर दाबू नका, वरच्या-खालच्या कडा धरा. आधी खुणेने लिहिलेलं टोक जुळवा. बोगीचे स्क्रू पुन्हा एक घट्ट, एक सैल. रंगाच्या थरामुळे कपलरची पेटी जड चालत असेल तर पात्याने खरवडा, ग्रॅफाइट द्या.

गेजशी उंची पुन्हा मोजा, २ टक्के उतारावर सोडा. रंगापूर्वी घरंगळत होती आणि आता अडते आहे तर आसाचे खळगे पाहा. नव्वद टक्के वेळा रंग किंवा पूड तिथे सापडते. सुईने खरवडण्यापेक्षा आस काढून टोकदार लाकडी काडी खळग्यात फिरवा, त्याने खळगा मोठा होत नाही.

मग गाडीत मधोमध लावा, सांध्यांवरून दहा वेळा उलटी ढकला. एकाच सांध्यावर, एकाच दिशेने पडत असेल तर दोष रुळात आहे. वेगवेगळ्या जागी पडत असेल तर वाघीण काढून घ्या आणि चाकांच्या अंतरापासून पुन्हा पाहत या.